सगळं बंद केल्यावरची खरखर

गळ्याच्या ऑपरेशननंतर वडिलांचा आवाज गेला, तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकानं त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. गेला होता तो घसा, कान चांगले शाबूत होते. पण या दोन अवयवांच्या बाबतीत लोकांचा काहीतरी घोटाळा होतो. वडील पाटीवर लिहून उत्तरं देत. त्या पाटीवर सगळ्यांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य होतं, "ऐकू येतं."

ऐकणं हा त्यांचा जन्माचा धंदा. सरकारी बिनतारी खात्यात त्यांची नोकरी झाली. कानाला हेडफोन लावून, लांबून येणारे संदेश खरखरीतून वेचून काढायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक स्कॅनर घेतला. हा हातात मावेल एवढा रेडिओ. एकामागून एक लहरी चाळत राहतो आणि कुठं कुणी बोलताना सापडलं की तिथं थांबतो. तो फक्त ऐकतो, बोलू शकत नाही. ऑपरेशन होऊन घरी आल्यावर वडिलांनी तो पहिल्यांदा हातात घेतला आणि पाटीवर लिहिलं, "आता आम्ही दोघं सारखे."

स्कॅनर ते मुख्यतः एका माणसासाठी लावत. त्यांच्याबरोबर नोकरीला असलेले एक गृहस्थ निवृत्तीनंतर कळवणला आपल्या डाळिंबाच्या बागेत जाऊन राहिले होते. आम्ही त्यांना कळवणचे काका म्हणतो. काकांकडे हौशी रेडिओचा परवाना आहे आणि बागेच्या कडेला अँटेनाचा एक उंच खांब. रोज सकाळी चहा झाला की ते बोलायला बसत. मधल्या एका डोंगरावर हौशी लोकांनी मिळून बसवलेलं यंत्र त्यांचा आवाज उचलून पुढं फेकायचं आणि तो वणीच्या डोंगरांवरून आमच्या गंगापूर रोडच्या गॅलरीत येऊन पोचायचा. येताना दमलेला असायचा, पण यायचा. आणखी दोघं-तिघं हौशी मंडळी राम राम करून जात. मग काका एकटेच बोलत.

हौशी रेडिओवर महत्त्वाचं काही बोलायचं नाही, असा नियम आहे म्हणे. महत्त्वाचं असेल तर फोन करा, पत्र पाठवा. इथं गप्पा किरकोळच हव्यात. सरकारनं केलेल्या नियमांपैकी इतका शहाणा नियम माझ्या पाहण्यात दुसरा नाही. विधानसभेला लावून पाहायला हरकत नाही.

काका फोन का करत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी दोनदा करून पाहिला होता. पण फोनवर समोरचा गप्प असला की माणूस कासावीस होतो. दर दोन वाक्यांनंतर "हॅलो, हाय ना भाऊ?" सुरू होतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला आपण बोलत नसल्याची पुन्हा पुन्हा आठवण होते. रेडिओवर एक बोलतो आणि दुसरा ऐकतो, आणि ऐकणाऱ्याकडं कामचुकार म्हणून कुणी पाहत नाही. काकांचं बोलून झालं की वडील मोबाइलवरून त्यांना मिस्ड कॉल देत. एक रिंग म्हणजे ऐकलं. दोन म्हणजे नीट आलं नाही.

आणि हे आता संपत आलं होतं. काकांचा मुलगा बंगळुरूला असतो. काकू गेल्यापासून तो मागं लागला होता, आणि यंदा काकांनी हो म्हटलं. दसरा झाला की निघायचं ठरलं. मुलाचं घर चौदाव्या मजल्यावर, आणि तिथल्या सोसायटीत गच्चीवर खांब उभारायला मनाई. काकांनी हे रेडिओवरूनच सांगितलं, टमाट्याचे भाव सांगावेत तसं. वडिलांनी एक रिंग दिली. पुढं दिवसभर पाटी कोरीच राहिली.

म्हणजे नवरात्रातल्या सकाळी तेवढ्या शिल्लक होत्या. आणि घटस्थापनेच्या सकाळी स्कॅनर खरखरायला लागला.

साधी खरखर नव्हती. तापल्या कढईत कुणी थांबता न थांबता मोहरी टाकत राहावं अशी तडतड, आणि तिच्याखाली डासासारखी बारीक गुणगुण. काकांचा आवाज तिच्यात बुडून गेला. मधूनच "डोंगराकडं" किंवा "पाव्हणे" असा एखादा शब्द डोकं वर काढायचा. स्कॅनरला खरखर दाबण्याची एक कळ असते. ती पिळली की ठरावीक जोराच्या खालचं सगळं गप्प होतं. ती पिळली तेव्हा तडतड गेली आणि काकाही गेले. यंत्राच्या दृष्टीनं दोघांचा जोर सारखाच होता.

वडील तरीही कान लावून बसले. मग मोबाइल उचलून त्यांनी एक रिंग दिली.

"आलं ऐकू?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"मग एकच रिंग का दिलीत?"

त्यांनी लिहिलं, "दोन दिल्या तर तो बोलायचा थांबेल."

खरखर शोधायचं काम माझ्याकडं आलं. मी महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण वडील पाटीवरून हुकूम सोडत होते आणि पहिलाच हुकूम होता, "एका वेळी एकच गोष्ट बदल." प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच वर्षं वाचली असती.

आधी चार्जर काढला आणि स्कॅनर नुसत्या बॅटरीवर चालवला. खरखर तशीच. म्हणजे चार्जर निर्दोष. मग गॅलरीतल्या अँटेनाची वायर काढली. खरखर गेली. मी आनंदानं "सापडलं!" म्हणालो, तर वडिलांनी लिहिलं, "अँटेना काढली की काहीच येत नाही. चोरही नाही, पाहुणाही नाही." खरखर हवेतून येत होती, एवढंच त्यातून सिद्ध झालं. आता ती घरातून येते की बाहेरून, हे पाहायचं होतं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही घरातलं सगळं बंद केलं. टीव्ही, फ्रिज, मोबाइलचे चार्जर, डास मारायचं यंत्र. मग मेन स्विच पाडला. इन्व्हर्टरनं लगेच पंखे सुरू केले म्हणून तोही बंद केला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, वडील खुर्चीत, मी मीटरच्या पेटीपाशी.

"सगळं बंद?" मी विचारलं.

"सगळं बंद," ती म्हणाली.

वडिलांनी स्कॅनर वर धरला. मोहरी तडतडतच होती.

"म्हणजे घरातून नाही," मी म्हणालो. वडिलांनी मान डोलावली. तीन शहाण्या माणसांनी एकमतानं निष्कर्ष काढला.

बाहेरचा गुन्हेगार मला अगोदरच माहीत होता. घटस्थापनेच्या आदल्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीनं फाटकावर रोषणाईची कमान उभी केली होती. उद्घाटनाला एक माजी नगरसेवक होते. ते दीड तास उशिरा आले, पण आल्यावर त्यांनी वेळेचं महत्त्व सांगितलं. मखमलीच्या कापडावर एक बटण ठेवलं होतं. ते कुणी दाबायचं यावर एकमत होईना, म्हणून शेवटी पाच जणांनी एकाच बटणावर पाच बोटं ठेवली आणि फोटो निघाला. कमानीवर देवी होती, त्रिशूळ होता आणि या दोहोंपेक्षा ठळक अक्षरांत सौजन्य होतं. त्या कमानीतून खरखर येत नसेल तर जगात न्याय नाही, असं माझं मत झालं.

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीच्या अध्यक्षांकडं गेलो.

"सर, तुम्हाला देवीच्या लायटिंगचा त्रास होतोय?" त्यांनी विचारलं.

"लायटिंगचा नाही. त्यातून आवाज येतो, त्याचा."

"लायटिंगला आवाज नसतो सर. डीजेला असतो. आणि डीजे आपण यंदा लावलाच नाही. खरं तर त्याबद्दल तुम्ही येऊन अभिनंदन करायला हवं होतं."

"कानाला नाही येत. रेडिओला येतो."

"असं करा, लेखी द्या. मीटिंगमध्ये घेऊ."

"मीटिंग कधी?"

"दसरा झाल्यावर."

तेव्हा मी त्यांना कळवणच्या काकांबद्दल सांगितलं. दसऱ्यानंतर ऐकायला कुणी नसेल, हेही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बाबांना ऐकू येत नाहीये, हे आधी सांगायचं ना सर. मला वाटलं, तुमचं नेहमीचं."

माझं नेहमीचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ऐन गरब्याच्या तयारीत त्यांनी कमान बंद केली. खाली "लाइट गेली, लाइट गेली" असा गलका झाला. अध्यक्षांनी माइकवरून तांत्रिक कारणामुळे होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. ते काम त्यांना मनापासून आवडतं. मी फाटकाशी उभं राहून घरी फोन लावला. बायको म्हणाली, "बाबा सांगतायत, तसंच आहे."

कमान निर्दोष सुटली. मला वाईट वाटलं, पण ते सगळंच काही वडिलांसाठी नव्हतं.

आता अध्यक्षांनाच चेव आला. "सर, असं सोडायचं नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी स्कॅनरला त्याची आखूड काठीसारखी अँटेना जोडली आणि दोघं निघालो. वडिलांची सूचना पाटीवरून तोंडपाठ केली होती: जिकडं खरखर वाढते तिकडं जा. फाटकाशी स्कॅनर जवळजवळ शांत. पार्किंगमध्ये शांत. लिफ्टच्या दाराशी थोडी कुरकुर. पहिल्या मजल्यावर एक आजी दार उघडून म्हणाल्या, "गॅसगळती झाली का रे?" अध्यक्ष म्हणाले, "नाही आजी, सर खरखर शोधतायत." आजी म्हणाल्या, "यांना घरी करमत नाही का?" आणि दार लागलं.

दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर मोहरी तडतडायला लागली. आमच्या दाराशी ती इतकी वाढली की मला स्कॅनर कानापासून लांब धरावा लागला. अध्यक्षांनी दारावरच्या पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सर, राग मानू नका, पण ही तुमच्याच घरातून येतेय."

"शक्य नाही. मी सगळं बंद करून पाहिलंय."

"पाहिलं असेल. पण येतेय."

आम्ही आत गेलो. टीव्हीपाशी कमी, फ्रिजपाशी बरी, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कहर. तिथं आमचं देवघर आहे. देवघरात घट बसलेला, त्याच्यावर माळा, आणि शेजारी बायकोनं वणीला गडाच्या पायथ्याशी घेतलेला विजेचा अखंड दिवा. प्लॅस्टिकची ज्योत, आत बारीक बल्ब, आणि वाऱ्यानं हलल्यासारखी थरथरावी म्हणून आत काही करामत. स्कॅनर त्याच्याजवळ नेला तर किंचाळला.

दिव्याच्या पोटात बॅटरी होती. लाइट गेली तरी विझणार नाही, असं दुकानदारानं सांगितलं होतं आणि त्यात तो खोटं बोलला नव्हता. मेन स्विच पाडला तेव्हा हा जळतच होता. आता आठवलं की त्या संध्याकाळी बायको दारात उभी होती ती मला दिसत होती. मीटरच्या पेटीवरचे आकडे दिसत होते. वडिलांच्या हातातला स्कॅनर दिसत होता. सगळं बंद असल्याची खात्री आम्ही तिघांनी ह्या दिव्याच्या उजेडात करून घेतली होती. तो डोळ्यांसमोर होता, पण तो देवाचा होता. देवावर आपला विश्वास नाही असं मी चारचौघांत सांगत आलो आहे. तरी देवाचा दिवा विजेच्या वस्तूंत मोजायला मलाही सुचलं नव्हतं.

"हा बंद केला की झालं," अध्यक्ष उत्साहानं म्हणाले.

"हा नाही बंद करता येणार," बायको म्हणाली.

"अहो वहिनी, दोन मिनिटं फक्त..."

"मागच्या वर्षी विझला होता." ती देवघराकडंच बघत होती. "तेलाचा होता तेव्हा. सातव्या माळेला. सकाळी उठून पाहिलं तर वात काळी."

त्या नवरात्रानंतर दोन महिन्यांत वडिलांच्या घशाच्या आजाराचं निदान झालं होतं. आमच्या तिघांच्याही नजरा खुर्चीत बसलेल्या वडिलांच्या गळ्यावरच्या पांढऱ्या कापडाकडं गेल्या. अध्यक्ष "येतो मी" म्हणून निघाले. आभारप्रदर्शन न करता त्यांना जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

माझ्याकडं युक्तिवाद तयार होता. वात विझणं आणि पेशी बिघडणं यांचा संबंध नसतो, एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टी कारण आणि परिणाम नसतात. हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं आहे. पण ती हे मनात ठेवून वर्षभर दवाखान्याच्या फेऱ्या मारत होती, सासऱ्यांचं पातळ जेवण मिक्सरमधून काढत होती आणि आम्हाला एका शब्दानं बोलली नव्हती. मग ह्या वर्षी तिनं न विझणारा दिवा आणला, त्यांच्यासाठीच. त्याला वर्गातलं उत्तर पुरणार नव्हतं.

पाटीवर खडूचा आवाज झाला. वडिलांनी पाटी फिरवून तिच्याकडं धरली.

"समई काढ. वॉच माझा."

बिनतारी खात्यात वॉच म्हणजे पाळी. ज्याचा वॉच त्यानं यंत्र सोडून उठायचं नाही. बदली माणूस शेजारी येऊन बसल्याशिवाय खुर्ची रिकामी करायची नाही.

"रात्रभर जागणार बाबा तुम्ही?" तिनं विचारलं.

त्यांनी लिहिलं, "तसाही जागाच असतो."

तिनं माळ्यावरची समई काढून चिंचेनं घासली, पुसली, तेल घातलं, वात ओढली.

"इथूनच पेटवली तर खंड पडणार नाही ना?" मी विजेच्या दिव्याकडं बोट दाखवून म्हणालो. मला खरंच मदत करायची होती.

"बल्बवरून वात पेटते का हो?" ती म्हणाली. वडिलांचे खांदे हलले. त्यांचं हसणं आता असंच दिसतं.

तिनं काडी ओढून समई लावली. ज्योत स्थिर होईपर्यंत दोन्ही दिवे शेजारी शेजारी जळू दिले. नमस्कार केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता करा बंद."

बटण दिव्याच्या तळाशी होतं. मी दाबलं. वडिलांच्या मांडीवरच्या स्कॅनरमधली मोहरी संपली आणि मागं उरली ती नुसती हवेची सळसळ, लांबून ऐकलेल्या नदीसारखी.

वडिलांची खुर्ची देवघराशेजारी आली. अँटेनाची वायर मी गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंत ओढली. रात्री केव्हा केव्हा त्यांनी तेल घातलं मला माहीत नाही. आम्ही उठलो तेव्हा समई जळत होती आणि त्यांचे डोळे उघडे होते. बायकोनं समईकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

थोड्या वेळानं स्कॅनरवर काका आले. आवाज कमजोर होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ.

"भाऊ, राम राम. एक सांगायचं हाय. तीन दिवस झाले, तुझी रिंग माझं बोलणं चालू असतानाच येती. तू कधी मधी बोलणारा माणूस नाय. म्हंजी तुला ऐकू येत नाय, अन् मी थांबू नाय म्हणून तू रिंग देतो. लबाड हायेस."

वडील स्कॅनरकडं बघत राहिले.

"मग मीबी काय बोललो नाय. भाव सांगत बसलो, वणीला जाणाऱ्या गाड्या मोजत बसलो. बोलायचं ते राखून ठेवलं. तर आज असं करू. आता मी गप्प बसतो. ऐकू येत आसंल तर आत्ता रिंग दे."

सळसळ. बायकोनं गॅसची आच बारीक केली. वडिलांनी मोबाइल उचलला आणि एक रिंग गेली. त्यांनी ती नेमकी कापली.

मग, "आली रे भाऊ, आली." घसा खाकरल्याचा आवाज. "मंग ऐक आता."

मी गॅस बंद केला. बायकोला खूण केली आणि आम्ही दोघं बाहेर आलो. आमच्या स्वयंपाकघराचं दार आजवर कुणी लावलेलं मला आठवत नाही. ते ओढताना बिजागरी कुरकुरली. महत्त्वाचं बोलायला मनाई असलेल्या त्या लहरीवर काका जे बोलत होते, ते त्या घडीला जिल्ह्यात असा रेडिओ असलेल्या कुणालाही ऐकता आलं असतं. आम्ही मात्र बाहेरच्या खोलीत चहाशिवाय बसून राहिलो, आतून एक रिंग जाईपर्यंत.